पणजीचं कुंकू फोटोत काळं का दिसतं?

घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक हौस जोरात आहे. माळ्यावरच्या ट्रंकेतला नाहीतर माजघरात खिळ्याला लटकलेला जुना फोटो मोबाइलवर टिपायचा, एआयच्या अ‍ॅपमध्ये टाकायचा आणि रंगीत करून सगळ्यांना धाडायचा. खाली बदामांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडतो. मग एखादी आत्या लिहिते, "अरे, ही चंद्रकळा नव्हे. आईंचं लाल इरकली लुगडं आहे हे, माझ्याकडे त्याची गोधडी आहे अजून." दुसरी विचारते, "कपाळाला काळं काय लावलंय त्यांच्या? कुंकू कुठाय?"

आत्या बरोबर असतात, अ‍ॅप चुकलेलं असतं. पण गंमत अशी की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो कॅमेराही खोटं बोललेला नसतो. त्याला लाल रंग दिसतच नव्हता. माणसाचा चेहरा आणि त्या चेहऱ्याचा फोटो यांच्यामध्ये तेव्हा बरंच काही घडायचं. चांदी, आयोडीन, ईथर, उत्तरेची खिडकी, लोखंडी स्टँड, टोकदार शिसपेन्सिल, सगळ्यांची त्यात हजेरी असे. हे एकदा नीट कळलं की घरातला जुना फोटो वेगळाच दिसायला लागतो.

विरजण लागतं तसा फोटो लागतो

मतदानाच्या वेळी बोटाला लावतात त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. लावताना ती फिकी असते, उजेडात गेलं की काळी पडते आणि मग साबणाने घासली तरी निघत नाही. चांदीच्या क्षारांची ही खोडच आहे. उजेड लागला की त्यांतली चांदी सुटी होऊ लागते, आणि इतकी बारीक सुटी चांदी चमकत नाही, काळी दिसते. डिजिटल येईपर्यंतची जवळजवळ सगळी फोटोग्राफी या एका खोडीवर चालली.

पण या क्षारांचा लेप दिलेली काच नुसत्या उजेडाने काळी होईस्तोवर थांबायचं म्हटलं तर माणसाला उन्हात तासन्‌तास बसवावं लागेल. यातून वाट काढली ती विरजणाने. दुधात चमचाभर दही टाकलं की लगेच काही दिसत नाही, पण काम सुरू झालेलं असतं. तसंच कॅमेऱ्यात काही सेकंद उजेड पडला की काचेवर डोळ्यांना काहीच दिसत नाही. जिथे उजेड पडला तिथे चांदीचे मोजके कण मात्र सुटे झालेले असतात. नंतर जे रसायन ओतायचं ते या कणांभोवती आणखी चांदी जमवत जातं आणि चित्र वर येतं. या रसायनाला म्हणायचं डेव्हलपर. ज्या भागावर उजेड पडलेला नाही तिथले क्षार तसेच राहू दिले तर पुढे उजेडात तेही काळे पडतील, म्हणून ते हायपो नावाच्या दुसऱ्या रसायनाने धुऊन काढायचे. आधी उजेड, मग डेव्हलपर, मग हायपो. बाकी सगळे तपशील.

पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी ही युक्ती जगापुढे उघड केली गेली तेव्हा सभा भरली होती दोन अकादमींची मिळून, एक विज्ञानाची आणि एक ललितकलांची. ती शोधणारा दागेर हा मूळचा नाटकाचे पडदे रंगवणारा. त्याने तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा चढवला, त्याला आयोडीनची धुरी दिली आणि कॅमेऱ्यातून काढल्यावर पाऱ्याच्या वाफेवर धरला. चित्र अप्रतिम यायचं, पण भर उन्हात दहा-पंधरा मिनिटं लागायची. इमारती तेवढ्या वेळ हलत नाहीत, माणसं हलतात. रस्त्याच्या फोटोत रस्ता रिकामा यायचा.

माणसाचा फोटो शक्य झाला तो पुढच्या दीड-दोन वर्षांत. आयोडीनच्या जोडीला ब्रोमीन आलं, त्याने पत्रा अनेक पटींनी तिखट झाला. आणि १८४० मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ पेत्झव्हाल या गणितज्ञाने फक्त चेहऱ्यांसाठी म्हणून एक भिंग कागदावर हिशेब मांडून तयार केलं. आधीच्या भिंगापेक्षा ते पंधरा-सोळा पट उजेड आत घेई. ती आकडेमोड करायला त्याला तोफखान्यातले हिशेबात पटाईत सैनिक दिले होते. दहा मिनिटांचं काम मिनिटाच्या आत आलं, आणि स्टुडिओचा धंदा तिथून सुरू झाला.

लाल दिवा आणि लाल कुंकू

आता पणजीच्या कपाळाकडे येऊ. चांदीच्या या क्षारांना निळा, जांभळा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील एवढेच रंग कळतात. हिरव्या-पिवळ्यापाशी त्यांची नजर अंधुक होते आणि लाल म्हणजे त्यांच्या लेखी मिट्ट काळोख. डार्करूममधला लाल दिवा आठवा. फोटोवाला त्या उजेडात निवांत काम करायचा, कारण कागदाला तो उजेड कळायचाच नाही. ज्या दिव्याचा पत्ता लागत नाही, त्याच रंगाचं कुंकू तरी कसं दिसणार? काचेवर तिथे चांदी सुटीच होत नाही, जागा कोरी राहते, आणि कागदावर छापताना सगळं उलटं होऊन ती कोरी जागा काळी उमटते. म्हणून ते काळं.

हा हिशेब एकदा हाताशी आला की सगळा फोटो उलगडतो. लाल इरकली काळी. हळदीच्या रंगाचं पातळ गडद करडं. भगवा फेटा काळपट. उलट निळं लुगडं फिकं, जवळजवळ पांढरं. निळं आकाश कोरं, त्यात ढग नाहीत. नथीतले मोती लखलखीत, पण सोनं मंद, कारण ते पिवळं. कपाळावर, हनुवटीवर हिरवट-निळसर गोंदण असेल तर ते पुसट होतं. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या चेहऱ्यावरचं गोंदण त्या काळच्या फोटोंत असंच नाहीसं झालेलं आढळतं.

त्वचेचं काय? गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवरून निळा आणि अतिनील उजेड कमी परततो. त्यामुळे माणूस होता त्यापेक्षा काळा दिसतो, सुरकुत्या खोल दिसतात, चाळिशीची बाई पन्नाशीची वाटते. पणजोबा फोटोत दिसतात तेवढे रापलेले आणि तेवढे म्हातारे बहुतेक नव्हते.

बर्लिनच्या हेर्मान फोगेलने १८७३ मध्ये दाखवलं की क्षारात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर काचेला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. अशा काचेला आणि फिल्मला ऑर्थो म्हणत. लालही दिसणाऱ्या पॅन काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. पण पॅन वापरायचं तर लाल दिवा बंद आणि संपूर्ण अंधारात चाचपडत काम, म्हणून बऱ्याच स्टुडिओंनी ऑर्थो पुढे कितीतरी वर्षं सोडलं नाही. त्यामुळे १९३० च्या आसपासच्या लग्नाच्या फोटोतही नवरीचं कुंकू काळं दिसलं तर बुचकळ्यात पडू नका.

ओल्या काचेची लगबग

इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जी पद्धत जाहीर केली तिने पुढची तीस वर्षं राज्य केलं. तिचं नाव वेट प्लेट, म्हणजे शब्दशः ओली काच. तिच्यात एकच अट होती, पण जीवघेणी. काच तयार करण्यापासून डेव्हलप करण्यापर्यंत ती वाळता कामा नये. थंड हवेत हातात दहा-पंधरा मिनिटं.

सुरुवात कापसापासून. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावाला हे वाचून बरं वाटेल. कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात भिजवून धुतला की दिसायला तसाच राहतो, पण ठिणगी लागली तर भक्कन पेटतो. हा गनकॉटन. तो ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळवला की पाकासारखा चिकट द्रव होतो, त्याला म्हणतात कलोडियन. त्यात आयोडाइड आणि ब्रोमाइडचे क्षार घालायचे.

काच खडूच्या पुडीने घासून लख्ख करायची. बोटाचा एक ठसा राहिला तरी तो ठसा पणजोबांच्या गालावर उमटणार. मग काचेचा एक कोपरा चिमटीत धरून मध्यभागी कलोडियनचं तळं ओतायचं आणि काच कलती करत ते एकेका कोपऱ्याला पोचवायचं. तव्यावर आंबोळीचं पीठ फिरवावं तसंच, फक्त पळी न लावता. चौथ्या कोपऱ्यातून उरलेलं बाटलीत परत, आणि ते निथळत असताना काच डावी-उजवीकडे डोलवत राहायची, नाहीतर पडद्यावर पन्हळ उठतात. कोपऱ्याला बोट लावून पाहायचं. ठसा उमटतो पण बोटाला चिकटत नाही, एवढं घट्ट झालं की लगेच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. या द्रावणात वजनाने सात-आठ टक्के नायट्रेट असे. इथून पुढे पिवळ्या-नारिंगी अंधुक उजेडात काम. तीन ते पाच मिनिटांनी वर काढली की पाणी तेलकट ओघळांनी न वाहता एकसारखं निथळलं पाहिजे. काच आता दुधी दिसते आणि उजेडाला जागी झालेली असते.

ती ओलीच पेटीत घालायची, धावत कॅमेऱ्यापाशी, भिंगाचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचं, धावत परत. तेव्हा शटर नव्हतं. झाकण काढणारा हात हेच शटर. मग हिराकसाचा, म्हणजे फेरस सल्फेटचा डेव्हलपर एका दमात काचेवर पसरायचा. मध्ये हात थबकला तर जिथे थबकला तिथे कायमची रेघ. काचेवरून ओघळून जाऊ द्यायचा नाही, कारण चित्र वाढायला लागणारी चांदी काचेवरच्या त्या ओलाव्यातच असते. पंधरा-वीस सेकंदांत पाण्याने थांबवायचं. शेवटी हायपोत किंवा, बरेच जण वापरत त्या, पोटॅशियम सायनाइडमध्ये. दुधी पडदा वितळत जातो आणि माणूस वर येतो. जगात आजही जे थोडे लोक ही पद्धत हौसेने करतात, ते या क्षणासाठीच करतात म्हणा ना.

सायनाइडवर डेव्हलपरमधलं आम्ल सांडलं तर विषारी वायू निघतो, ईथरच्या वाफा दिव्यावर पेट घेतात आणि सिल्व्हर नायट्रेट डोळ्यांत उडालं तर नजर जाऊ शकते. त्या काळचा फोटोवाला ओळखायचा तो काळ्या पडलेल्या बोटांवरून. यूट्यूब बघून हे घरी करायच्या फंदात कोणी पडू नये.

मे महिन्यात ईथर उकळतं

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सभासदांत होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही भरू लागला. सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये. पंचवीस-पंचवीस काचांची पेटी आणि रसायनांच्या बुधल्या बैलगाडीच्या धक्क्यांतून सुटल्या त्या तेव्हापासून. पण पुस्तकं लिहिलेली होती लंडनच्या हवेसाठी, आणि सोलापूरचा उन्हाळा त्यांना ठाऊक नव्हता.

ईथर ३४.६ अंश सेल्सियसला उकळतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे बाटलीचं बूच काढताच ईथर उडायला लागणार, कलोडियन काचेच्या तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत आळणार. यावर उतारा असा की ईथर कमी आणि अल्कोहोल जास्त घालायचं, म्हणजे पडदा सावकाश घट्ट होतो. डेव्हलपरचंही तेच. उन्हाळ्यात दही चार तासांत आंबतं, तसा गरम डेव्हलपर पाच सेकंदांत सगळी काच काळवंडून टाकतो. त्यात अ‍ॅसिटिक आम्ल वाढवून त्याला आवरावं लागतं. पेटीत काचेच्या पाठीला ओला टिपकागद लावला तर दोन-चार मिनिटं पदरात पडतात. आणि काम पहाटे. अकरा वाजल्यानंतर झालेला फोटो हा नशिबाचा.

दुसरा शत्रू धूळ. वावटळीची धूळ ओल्या पडद्यावर बसली की प्रत्येक कणाला शेपूट फुटतं आणि धोतरावर धूमकेतू उगवतात. तिसरा शत्रू पाणी. आपल्याकडची विहीर-बोअरची पाणी जड, त्यात क्षार भरपूर. असल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं तर ते ताकासारखं पांढरं होतं, कारण पाण्यातलं क्लोराइड चांदी धरून तळाला बसतं. महागडी चांदी गेली आणि द्रावणही नासलं. त्यावर इलाज ऊर्ध्वपातित पाण्याचा, नाहीतर पावसाळ्यात पागोळीखाली स्वच्छ भांड्यात धरून ठेवलेल्या पाण्याचा.

कोरडी काच आली आणि ही धावपळ संपली. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये कलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहिलं. दशक संपेपर्यंत तयार काचा डब्यात मिळू लागल्या, आणि उजेडही कितीतरी कमी लागू लागला. सोलापूरच्या घरांतले जुने फोटो बहुतेक याच काळातले किंवा त्यानंतरचे. पण जिलेटिन म्हणजे जेली. तिशीच्या पुढच्या गरम पाण्यात ती मऊ पडते, फुगते आणि काचेच्या कडेने झालरीसारखी सुटून येते. त्यासाठी तुरटीच्या पाण्यात काच घट्ट करून घ्यायची आणि धुवायला गार पाणी. इंग्रजी पुस्तक म्हणे बर्फ वापरा. बर्फ नसेल तिथे माठ आहेच.

उत्तरेच्या खिडकीचा घोळ

तेव्हा विजेचे दिवे नव्हते. स्टुडिओ म्हणजे वरच्या मजल्यावरची खोली आणि तिच्या छताला, भिंतीला काच, तीही उत्तरेकडे. उत्तरेकडून सूर्य थेट येत नाही म्हणून उजेड दिवसभर मऊ आणि एकसारखा मिळतो. हा नियम युरोपात बिनचूक चालतो.

सोलापूर मात्र साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे. शून्य सावली दिवस आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. त्या दिवसापासून ऑगस्ट उजाडेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात उत्तरेच्या तिरप्या काचछतातून ऊन सरळ गिऱ्हाइकाच्या टाळूवर. डोळ्यांच्या जागी काळे खळगे आणि नाकाखाली मिशीसारखी सावली. म्हणून छताखाली मांजरपाटाचे पडदे दोरीवर सरकते ठेवायचे. एक बाजू उघडी, एक बंद, जी गालाची बाजू काळोखात जाईल तिच्याजवळ पांढरी चादर ताणून धरायची. काही स्टुडिओंत निळ्या काचा असत. बसणाऱ्याच्या डोळ्यांना थंडावा मिळे आणि फोटोच्या काचेला निळाच उजेड हवा असल्यामुळे तिचं फारसं काही अडत नसे.

खरी परीक्षा पांढऱ्या कपड्यांची. सावळा चेहरा, शुभ्र धोतर, शुभ्र बाराबंदी. चेहऱ्याला पुरेसा उजेड दिला तर कपडे चुन्याच्या भिंतीसारखे सपाट, कपड्यांच्या चुण्या जपल्या तर चेहरा कोळसा. यावर उजेड चेहऱ्याकडे ठेवून कपड्यांवर पडद्याची सावली पाडायची, अंगावर रंगीत शेला द्यायचा. उरलंसुरलं छापताना सावरायचं. यातलं रसायन कुठलं आणि चित्रकाराची नजर कुठली, ते वेगळं करून दाखवणं अवघड आहे.

मग ते हसत का नव्हते?

नेहमीचं उत्तर असं की फोटोला तासभर लागायचा. ते चूक. वेट प्लेटवर चांगल्या उजेडात दोन ते वीस सेकंद पुरत. पण आरशासमोर हसा आणि दहापर्यंत मोजा. चारला गाल थरथरू लागतात, सातला चेहरा दात दुखल्यासारखा होतो. स्थिर चेहरा दहा सेकंद टिकतो, हसू टिकत नाही. पापणी मात्र लवली तरी चालायची, क्षणभराची ती उघडझाप काचेवर उमटत नसे. दुसरं असं की आयुष्यात एकदा-दोनदा, पैसे मोजून, ठेवणीतला अंगरखा घालून काढायचा हा फोटो. त्यात दात दाखवणं पोक्त माणसाला शोभत नव्हतं. काचा जलद झाल्यानंतरही लोक पुष्कळ वर्षं गंभीरच बसले, म्हणजे सगळं खापर रसायनावर फोडता येत नाही.

डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी स्टँड असे, वर दोन बोटांचा चिमटा. उभ्या माणसाच्या टाचांमागे त्याचा जड पाया डोकावतो. सोशल मीडियावर फिरतं की हे स्टँड मेलेल्या माणसाला उभं करायला होतं. शक्यच नाही, त्या स्टँडला माणसाचा भार पेलत नाही, मृतदेह तर दूरच. स्टँड दिसला तर माणूस जिवंत होता आणि हलण्याची भीती होती एवढंच समजायचं. मृतांचे फोटो काढत, पण ते निजलेले किंवा टेकवून बसवलेले.

कॅमेऱ्याने काढला, त्यात कला कसली?

हा आक्षेप फोटोग्राफीइतकाच जुना आहे, आणि तो घेणाऱ्याने एकदा पेत्झव्हाल भिंगातून पाहायला हवं. त्यात मधला भाग कमालीचा रेखीव, कडांकडे सगळं विरघळत जातं. डोळे धारदार असतील तर कान मऊ. मांडीवरचे हात चारच बोटं पुढे आले तरी धूसर आणि मोठे. म्हणून हात कुठे, गुडघा किती वळवायचा, मान किती अंश फिरवायची हे सगळं ठरवावं लागे. त्यात सुरुवातीच्या भिंगांचा आणखी एक खट्याळपणा. आपला डोळा फोकस लावतो पिवळ्या उजेडावर, काच बघते निळा, आणि दोघांचा फोकस एका जागी पडत नाही. फोटोवाला आधी डोळ्यांनी नेमकं जुळवायचा आणि मग अंदाजाने भिंग किंचित सरकवून मुद्दाम बिघडवायचा, तेव्हा फोटो स्पष्ट येई.

मागचा रंगवलेला पडदाही असाच हिशेबी. महाल, कमानी, तळं, सगळं करड्या छटांत, कारण रंग वापरून उपयोग नाही. पडद्यातली क्षितिजरेषा भिंगाच्या उंचीला जुळली नाही तर माणूस हवेत तरंगतो. पडदा चार-पाच फूट मागे हवा, नाहीतर त्यावर सावली पडून महालाचं बिंग फुटतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आजही मोबाइलवर फोटो काढताना लोक पडद्याला पाठ लावून उभे राहतात. तसं करू नये.

मग टचिंग. निगेटिव्हवर, म्हणजे उजेड-अंधार उलटे उमटलेल्या काचेवर, डिंकासारख्या डॅमर राळेचा पातळ हात द्यायचा, म्हणजे पेन्सिल धरते. कठीण शिशाची पेन्सिल, टोक पॉलिशपेपरवर सुईसारखं लांब केलेलं. सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक रेघ म्हणून दिसते. त्या रेघेत स्वल्पविरामाएवढे ठिपके भरत गेलं की छापताना तिथे उजेड अडतो आणि सुरकुती फिकी होते. जास्त भरलं की आजोबांचं तोंड उकडलेल्या बटाट्यासारखं गुळगुळीत. असे बटाटे आपल्या भिंतींवर पुष्कळ आहेत.

राजा दीनदयाळ रुरकीच्या कॉलेजात शिकलेले, सरकारी बांधकाम खात्यात नकाशे करणारे. पुढे निजामाचे फोटोग्राफर झाले, सिकंदराबादला आणि मुंबईला त्यांचे स्टुडिओ होते, आणि या दोन शहरांमधल्या रेल्वेमार्गावरच आपलं सोलापूर. त्यांच्या चित्रांतली मोजूनमापून केलेली मांडणी नकाशाच्या टेबलावरूनच आली असावी असं वाटतं. उलट टोकाला कलकत्त्यात जन्मलेली जूलिया मार्गारेट कॅमेरॉन. तिने ४८ व्या वर्षी कॅमेरा हातात घेतला, फोकस मुद्दाम मऊ ठेवला, काचेवरचे ओघळ तसेच राहू दिले. तज्ज्ञांनी नावं ठेवली. आज तिचे चेहरे जिवंत वाटतात.

सोवळ्यातले आजोबा आणि अंड्याचं पांढरं

काचेवरचं निगेटिव्ह कागदावर उतरवायला १८५० पासून जो कागद आला तो अल्ब्युमेन पेपर, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला. पांढरं मीठ घालून फेटायचं, निवळू द्यायचं, त्यावर कागद तरंगवायचा, वाळला की पुन्हा सिल्व्हर नायट्रेटवर. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कारखान्यांत यासाठी दिवसाला हजारो अंडी फुटत. नंतरचा जिलेटिनचा लेप हाडं आणि कातडी उकळून केलेला. ज्या आजोबांनी जन्मात अंड्याला हात लावला नाही, ते देवघराशेजारी अंड्यावरच विराजमान आहेत. त्यांना कोणी सांगितलं नसेल तेच बरं.

कागद आणि निगेटिव्ह चौकटीत एकावर एक दाबून गच्चीवर उन्हात ठेवायचे, अधूनमधून कोपरा उचलून पाहायचं. यात सोलापूर लंडनच्या पुढे. मग सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवलं की विटकरी रंग जाऊन जांभळट तपकिरी येई आणि फोटो टिकाऊ होई.

अ‍ॅपने रंग भरला तर बिघडलं काय?

हौस म्हणून काही बिघडत नाही. पण अ‍ॅपला फोटोत रंग सापडत नाही, ते अंदाज करतं. गडद करडा दिसला की लाखो आधुनिक फोटोंत गडद करड्याचं जे होतं ते इथेही लावतं. लाल आणि काळं या काचेवर एकच झालेलं आहे, ते परत वेगळं करणं कोणत्याही यंत्राला जमणार नाही. त्वचा काचेने आधीच काळवंडलेली, अ‍ॅप एकतर ती तशीच ठेवतं किंवा विलायती गुलाबी करून टाकतं. त्याहून वाईट म्हणजे चेहरा स्पष्ट करण्याचं बटण. अस्पष्ट डोळ्याच्या जागी ते नवा डोळा बसवतं, आणि तो पणजीचा नसतो.

रंग भरायचेच तर आधी आत्यांना फोन करा. लुगडं कुठलं, खण कुठल्या रंगाचा, फेटा भगवा की गुलाबी. कुणाकडे त्या लुगड्याची गोधडी उरली असेल तर तिचाही फोटो मागवा. मग हे सगळं अ‍ॅपला सांगून रंग द्या. आणि रंगीत प्रत वेगळ्या नावाने जतन करा.

ट्रंकेतला फोटो बाहेर काढताना

आधी तो कसला आहे ते बघा. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पांढऱ्या जागा पिवळट, भिंगातून पाहिलं तर बारीक तडे आणि कागदाचे तंतू दिसतात, तर अल्ब्युमेन. पुठ्ठा साधारण अडीच बाय चार इंचांचा असेल तर पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये काढलेल्या टूमचं हे अपत्य. एकाच काचेवर आठ छोटे फोटो घ्यायचे आणि कापून स्वस्तात विकायचे. गडद जागांवर तिरप्या उजेडात निळसर चांदी चमकते, तर जिलेटिन. लोहचुंबक चिकटलं तर पत्र्यावरचा टिनटाइप. हा फोटो थेट पत्र्यावरच उमटतो, मध्ये निगेटिव्ह नसतं, म्हणून त्यात डावं-उजवं आरशासारखं उलटं. त्यात नथ उजव्या नाकपुडीत दिसली तर पणजीने चुकीच्या बाजूला नाक टोचलं नव्हतं.

ओल्या फडक्याने पुसू नका, पाण्याने जिलेटिन सुटतं. लॅमिनेशन अजिबात नको. पुठ्ठ्यावरून सोलायचा नाही. काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. देवघराजवळच्या भिंतीवर उदबत्तीचा धूर आणि पावसाळ्यात ओल, दोन्ही वाईट. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात जी भट्टी पेटते ती त्याहून वाईट. खालच्या मजल्यावरच्या कपाटात, प्रत्येक फोटोमध्ये आम्लरहित कागद घालून आडवे ठेवलेले बरे. स्कॅन ६०० डीपीआयला, रंगीतमध्येच करा, कारण पिवळटपणा आणि डाग हीसुद्धा माहिती आहे. आणि फोटो उलटा करून मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, गावाचं नाव आणि कुणीतरी पेन्सिलीने मोडीत लिहिलेली एखादी ओळ तिथेच असते.